प्रश्न कोणी कुणाला विचारायचे?

पीएच.डी.च्या अर्जात ‘विषय’ या शब्दापुढे दोन ओळींची जागा असते. पुढची तीनशे पानं लिहिताना मुलं अडत नाहीत तेवढी या दोन ओळींपाशी अडतात, असं पनवेलच्या आसपास तीस वर्षं समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर नेहमी म्हणतात. वडाळे तलावापासून चार पावलांवर त्यांचं घर आहे. त्यांच्यासमोर बसलेली विद्यार्थिनी मुंबई विद्यापीठात, कलिन्याला एम.ए. झालेली. नेट झाली, फेलोशिप मिळाली, गाइड ठरले. राहिल्यात त्या दोन ओळी. तिचं गाव नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एक. आता घर करंजाड्याला, पुनर्वसनाच्या भूखंडावर. दोन्ही पात्रं कल्पनेतली आहेत. त्यांचं भांडण मात्र समाजशास्त्राच्या कुठल्याही वर्गात ऐकू येईल असं आहे.

सर : आणलास का कागद?

ती : आणलाय. वाचते. ‘खारघरमधील गृहसंकुलांतले रहिवासी : मालकी, शेजार आणि जमिनीच्या पूर्वेतिहासाची जाणीव.’

सर : खारघर? अगं, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, अकराशे साठ हेक्टरांवर विमानतळ उभा राहिला आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटनही झालं. तुझ्या शाळेपासून एम.ए.पर्यंतच्या वर्षांत हे सगळं तुझ्या ओट्यासमोर घडलं. आणि तू निघालीस टॉवरांत?

ती : ओट्यासमोर घडलं म्हणूनच निघाले.

सर : हे कोडं झालं. उत्तर दे.

ती : आमच्या घरी तीनदा सर्व्हे झाला, सर. एकदा सरकारी, दोनदा कॉलेजांचा. प्रश्न तेच. कुटुंबात माणसं किती, शिकलेली किती, जमीन किती गेली, मोबदल्याचे पैसे कशावर खर्च केले. शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांचं पेन थांबायचं. गाडी घेतली का, हळदीला किती उडवले, हे ऐकायला. तिसऱ्या वेळी आजी म्हणाली, ‘बाय, आधीच्यांची वही घे, सगला लिवलेला हाय.’

सर : प्रश्नावली वाईट होती, तर तू चांगली कर. आजीला ठाऊक असलेलं त्या तिघांपैकी कोणी विचारलं नाही, हीच तर तुझी संधी. खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांध कसा घालायचा, उघाडी कधी उघडायची, मिठागरात पाणी किती दिवस ठेवायचं. लग्नात धवलारीण गायची, तिच्या तोंडी किती धवले होते. वाघिवली, कोपर, कोल्ही, चिंचपाडा ही नावं उद्या फक्त जुन्या सातबाऱ्यावर राहतील. हे बाहेरच्या माणसाला दहा वर्षांत कळणार नाही, तुला दहा दिवसांत कळेल. कोयनेचं धरण झालं तेव्हा उठलेल्या लोकांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. १९६९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ती झाली नसती तर त्या माणसांचं काय झालं याची नोंद कुठे शोधली असती आपण?

ती : मला त्या पाहणीबद्दल आदरच आहे. पण एक बघा ना. पाहणी करणाऱ्या दोघी कोयनेच्या खोऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना कुणी म्हटलं नाही, की तुम्ही पुण्याच्या, पुण्यावरच लिहा. मला मात्र पहिल्या दिवसापासून सगळे सांगतायत, तू प्रकल्पग्रस्त, तुझा विषय तयारच आहे. माझ्या एम.ए.च्या वर्गात बीडचा मुलगा होता, त्याला ऊसतोड. कातकरी वाडीतली मुलगी होती, तिला कातकरी. मुस्लिम मैत्रिणीला मुस्लिम मुलींचं शिक्षण. आणि ज्यांच्या घरात ‘समस्या’ नव्हती त्यांनी घेतलं आधुनिकता, नागरी अवकाश, सोशल मीडियाचं मानसशास्त्र. विषय वाटले जात नव्हते, पंगत बसत होती.

सर : पंगत हा शब्द कडू आहे.

ती : राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंनी २००२ मध्ये हेच लिहिलं ना? भारतातली समाजशास्त्रं किती समतावादी आहेत, असा त्यांचा सवालच होता. सिद्धांत मांडणारे एकीकडे आणि अनुभव पुरवणारे दुसरीकडे, अशी विद्यापीठातच वर्णव्यवस्था आहे, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीच शिकवलंत ते आम्हाला.

सर : शिकवलं. पण त्याचा अर्थ अनुभव टाकून द्यायचा असा नाही. जरा इतिहास बघ. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडीस पहिले प्रमुख. १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये विद्यार्थ्यांना विषय कसे द्यायचे? बऱ्याचदा ज्याच्या त्याच्या अंगणातले. इरावतीबाईंना चित्पावन ब्राह्मणांवर लिहायला लावलं, त्या स्वतः चित्पावन. म्हैसूरहून आलेल्या श्रीनिवासांचा एम.ए.चा विषय म्हैसूरकडचं लग्न आणि कुटुंब. म्हणजे आपल्याच लोकांवर लिहिणं ही खालच्या पंगतीची शिक्षा नव्हती. या शास्त्राची सुरुवातच तशी झाली.

ती : सुरुवात तशी झाली, शेवट तसा झाला नाही. इरावतीबाई चित्पावनांवरून निघाल्या त्या भारतभरच्या नातेसंबंधांपर्यंत पोहोचल्या. त्यांना अंगण म्हणजे पहिली पायरी होती. आम्हाला अंगण म्हणजे कुंपण. पाच वर्षं आपल्याच आगऱ्यांवर लिहायचं, मग मुलाखतीला गेलं की, ‘या आगरी समाजाच्या तज्ज्ञ’, मग एखाद्या चर्चासत्रात ‘स्थानिकांची व्यथा’ या सत्रात जेवणानंतरची वीस मिनिटं.

सर : (हसत) जेवणानंतरची वीस मिनिटं मीही बोललोय. तेव्हा निम्मे झोपलेले असतात हे खरं. पण इरावतीबाईंची पुढची गोष्ट सांगतो, ती तुझ्याच उपयोगाची आहे. एम.ए. झाल्यावर त्या बर्लिनला गेल्या. गाइड ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं बडं नाव, पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांचा टेकू मिळाला ते. विषय त्यांचाच : माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्याचा वंशाशी काही संबंध आहे का. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, संबंध दिसत नाही. विषय गाइडचा, कवट्या दुसऱ्यांच्या, देश परका. पण निष्कर्ष बाईंचा. म्हणून म्हणतो, विषय कुठला यावर एवढं रक्त आटवू नकोस. पाहणारे डोळे आपले असले म्हणजे झालं.

ती : मग डोळे कुठे लावायचे तेही माझं मला ठरवू द्या. तुम्ही बर्लिन सांगितलंत, मी न्यूयॉर्क सांगते. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझरांचं सेमिनार. पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो. त्याला ‘सातारा जिल्ह्यातील महारांची स्थिती’ असं लिहिता आलं असतं. आजच्या कमिटीने त्याला तेच सुचवलं असतं, वर ‘विशेष संदर्भ’ म्हणून तालुकाही घालायला लावला असता. बाबासाहेबांनी काय केलं? जात मुळात टिकते कशी, हा प्रश्न घेतला. जातीतल्या जातीत लग्न हा तिचा कणा, हे दाखवलं. आणि दरवाजा पहिल्यांदा कोणी आतून लावून घेतला हे विचारताना बोट वर केलं, ब्राह्मणांकडे. अनुभव त्यांचाच होता. पण त्यांनी स्वतःला नमुना म्हणून टेबलावर ठेवलं नाही.

सर : हं. हा मुद्दा मजबूत आहे. घे चहा.

ती : आणि आमच्या लोकांना प्रश्न विचारता येत नाहीत असंही नाही. चिरनेरला १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. चरीला १९३३ पासून शेतकऱ्यांनी सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे जासईला, दास्तान फाट्याला माणसं उभी राहिली, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची गोष्ट पुढे आली. रस्त्यावर आम्ही प्रश्न विचारतो. पुस्तकात गेलो की आम्ही फक्त उत्तरं देतो. खारघरच्या टॉवरमधल्या माणसाला अजून कुणी विचारलंय का, की हा फ्लॅट घेताना इथे आधी कुणाचं शेत होतं हे तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक नसेल तर का नव्हतं? कर्जाच्या कागदात, ब्रोशरमध्ये, सोसायटीच्या नावात ते कुठे पुसलं गेलं? हा समाजशास्त्राचा प्रश्न नाही?

सर : आहे. उत्तम आहे. पण गेटवर काय करशील? कातकरी वाडीत संशोधक गेला तर बसायला गोधडी अंथरतात, कारण नाही म्हणायची सवयच त्यांना कुणी लागू दिली नाही. टॉवरात आधी मोबाइलवरच्या ॲपमध्ये तुझं नाव टाकावं लागेल, मग वरून कुणी हो म्हटलं तर दांडा उचलेल. सेक्रेटरी म्हणेल, पत्र आणा. पत्र नेलंस तर म्हणेल, पुढच्या मीटिंगला ठेवतो. ती मीटिंग पुढच्या वर्षी. अमेरिकेत लॉरा नेडर यांनी १९७२ मध्येच मानववंशशास्त्रज्ञांना सुनावलं होतं, की तुम्ही गरिबांच्या झोपड्यांत शिरता, आता वर बघा, बँका, कंपन्या, सत्ता यांचा अभ्यास करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण वर जाणारे थोडेच निघाले, कारण वरच्यांना दार बंद करता येतं.

ती : त्याची सोय आहे. एका संकुलाचा वॉचमन माझा चुलतभाऊ आहे. मावशी दुसऱ्या एका टॉवरात पाच घरची कामं करते. त्यांना सगळं माहीत असतं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी कसले कागद येतात...

सर : थांब. हे मला अजिबात आवडलं नाही.

ती : का?

सर : तुमच्या घरी न विचारता कुणी असं केलं असतं तर? तुमच्याकडे आलेल्यांनी निदान दारात उभं राहून प्रश्न विचारले. तू मोलकरणीच्या डोळ्यांनी लोकांच्या घरात पाहणार, त्यांना पत्ता न लागता. शिवाय पकडली कोण जाईल? तू नाही, मावशी. पाच घरं सुटतील तिची. वरच्यांचा अभ्यास करताना खालच्याच माणसाची नोकरी पणाला लावायची, हा कुठला न्याय?

(ती गप्प बसते. तलावाकडून पावभाजीच्या गाडीचा तवा वाजतो.)

ती : चुकलं. मावशी नाही, वॉचमनही नाही. पुढच्या दारानेच जाईन. नाही म्हणतील, तर किती जणांनी नाही म्हटलं तेही लिहीन. नकाराचं एक प्रकरणच होईल.

सर : ते चांगलं प्रकरण होईल. आता मला एक सांग. फेलोशिपचे महिन्याला सदतीस हजार येतात, म्हणजे पाच वर्षं पोटाचा प्रश्न नाही. एम.फिल. २०२२ च्या नियमांनी गेलंच, मधली पायरी उरली नाही. मग हा विषय निवडताना तुला भीती कसली वाटते?

ती : भीती नाही वाटत.

सर : वाटते. तू वर बघायला इतकी उतावीळ आहेस, की बाजूला बघायचं टाळतेस. करंजाड्याची तुमची इमारत किती मजली?

ती : तळमजला आणि वर तीन.

सर : राहता कितीत?

ती : एका मजल्यावर. बाकी भाड्याने दिलंय. नऊ खोल्या आहेत.

सर : कोण राहतं?

ती : विमानतळाच्या कामावरचे. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. काही बिहारचे, काही झारखंडचे, दोन खोल्यांत नांदेडकडची पोरं. एका खोलीत चार-पाच जण.

सर : नावं?

ती : ... सगळ्यांची नाही सांगता येणार. बाबा वहीत लिहितात. खोली नंबर तीन, खोली नंबर सात.

सर : पाणी किती वेळ सोडता? लाइट बिल युनिटला किती लावता? बायको-पोरं आणायची म्हटलं तर चालतं का? डिपॉझिट परत करताना रंगाचे पैसे कापता का? तू म्हणतेस, आम्हाला कुणी नीट विचारलं नाही. तुमच्या जिन्यावरून रोज जी चाळीस माणसं चढ-उतार करतात, त्यांना कधी विचारलंस?

ती : सर, हे बरोबर नाही. आम्ही काही हौसेने घरमालक झालो नाही. जमीन गेली, मिठागर गेलं, खाडीची मासेमारी गेली. बाबांना विमानतळावर नोकरी मिळणार होती, ती कंत्राटदाराकडे, तीही अकरा महिन्यांची. मग उरलं काय? भाडं. आता भाडं हेच आमचं भात. दर महिन्याच्या पाच तारखेला आमची कापणी असते.

सर : हे वाक्य लिहून ठेव.

ती : मी चिडून बोलले.

सर : चिडून बोललीस म्हणूनच खरं निघालं. श्रीनिवासांनी अभ्यासलेल्या रामपुरा गावाची गोष्ट तुला ठाऊक आहे. १९७० मध्ये स्टॅनफर्डला आग लागून त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, मग त्यांनी आठवणीतून त्या गावावर पुस्तक लिहिलं. वर्गात आपण आगीचीच गोष्ट सांगतो. पण त्या पुस्तकात दुसरी गोष्टही आहे. आपण गावाकडे वरच्या जातींच्या ओसरीवरून पाहिलं, हे त्यांनी मान्य केलंय. तुझी ओसरी कुठली? जमीन घेणाऱ्या सिडकोच्या ऑफिसात गेलीस की तू पायरीवर उभी असतेस. घरी आलीस की ओसरी तुझी असते, पायरीवर खोली नंबर सात असतो. एकच माणूस, एकाच दिवसात.

ती : समजा लिहिलं. पुढे काय होईल सांगू? गावकीत म्हणतील, पोरीने आपल्याच माणसांची अब्रू काढली. आणि उद्या एखादा अधिकारी माझाच प्रबंध पुढे करेल, ‘बघा, यांच्याच मुलीने लिहिलंय, प्रकल्पग्रस्तांचं उत्तम चाललंय, इमारतींची भाडी खातायत.’ मोबदल्याच्या केसेस अजून चालू असलेली घरं आहेत, सर. त्यांचं काय?

सर : (बराच वेळ बोलत नाहीत) याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं सांगायचं तर हा विचार मी केलाच नव्हता. आम्ही तीस वर्षं मुलांना ‘स्थिती’ लिहायला लावली. आदिवासींची स्थिती, महिलांची स्थिती, विस्थापितांची स्थिती. तालुक्याचं नाव बदललं की नवा प्रबंध. वाटायचं, दुःख कागदावर आलं की कुणीतरी वाचेल. त्यात माणूस सतत रडताच राहिला पाहिजे अशी अट आपण घालतोय, हे लक्षात आलं नाही. मग तो जरा उभा राहिला, दोन मजले चढवले, की तो पुस्तकात बसेनासा होतो. आणि विरोधकांना आयता मिळतो.

ती : तुम्ही हे कबूल करताय?

सर : एक कबूल केलंय तर दुसरंही ऐक. वाडीवरचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. हुशार. त्याला टेनिस बॉलच्या क्रिकेट टुर्नामेंटवर लिहायचं होतं. गावोगावच्या टीम, त्यांना पैसे कोण देतं, बक्षिसाची मोटारसायकल कुठून येते, निवडणुकीच्या वर्षी सामने का वाढतात. मी म्हटलं, अरे, तुझ्या समाजाची माणसं वीटभट्टीवर बयाण्यात अडकलीत आणि तू क्रिकेट घेऊन बसलास? त्याने भट्टीवर प्रबंध लिहिला. चांगला लिहिला. पण जमिनीचा पैसा आणि राजकारण कसं एकत्र आलं हे त्या क्रिकेटमध्ये दिसलं असतं, ते कुणी लिहिलं नाही. तुझ्या पंगतीत वाढपी मीही होतो.

(पुढच्या आठवड्यात ती परत येते. हातात तोच कागद.)

सर : खारघर की करंजाडे?

ती : अजून ठरत नाहीये. परवा पाच तारीख होती. बाबांना बरं नव्हतं, म्हणून भाडं घ्यायला मी गेले. खोली नंबर सातमध्ये एकटाच होता. मी नाव विचारलं. त्याला वाटलं, पोलिसांचा फॉर्म पुन्हा भरायचाय, आधार कार्ड काढायला लागला. म्हटलं, नाही, असंच. गाव कुठलं? तर दरभंग्याकडचं. घरी कोण, शेती किती, पुराचं पाणी किती दिवस राहतं, बरंच बोलला. मग त्याने विचारलं, ‘और दीदी, आपका गाँव?’

सर : काय सांगितलंस?

ती : गावाचं नाव सांगितलं. वाटलं, त्याला काय कळणार. तर तो म्हणाला, वो तो मालूम है. सुरुवातीची दोन वर्षं तो तिथे भरावाच्या डंपरवर होता. आमच्या देवळाच्या बाजूला आधी पाणी साचायचं, तिथे किती मातीचा थर टाकला, रोलर कुठून फिरला, सगळं त्याला पाठ आहे. माझं गाव आता जमिनीखाली किती खोल आहे, हे मला माहीत नाही. त्याला आहे.

सर : ...

ती : आजीकडे वरचं गाव आहे, त्याच्याकडे खालचं. खारघरवाल्यांकडे ब्रोशर आहे. या तिघांना एकाच प्रबंधात कसं बसवायचं ते कळत नाही. दोन ओळींत तर नाहीच.

सर : दोन ओळी शेवटी लिही. आधी परवानगी माग. त्याची, आजीची आणि बाबांचीही. बाबांचीच सर्वांत अवघड जाईल.

ती : माहीत आहे. वहीतला नंबर सात खोडून मी नाव लिहिलं, तेव्हाच त्यांनी विचारलं, हे कशाला?

सर : आणि भाडं? त्या दिवशी घेतलंस?

ती : घेतलं, सर. पाच तारीख होती.